जुनं यंत्र, रोजचं काम

दुकानात कार्ड लावलं, पिन दाबला, पावती हातात आली. एवढ्या अवधीत कुठल्याशा बँकेच्या थंडगार खोलीतला मेनफ्रेम, म्हणजे मोठा संगणक, राबून गेलेला असू शकतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टिम ३६०’ ही मेनफ्रेम मालिका जाहीर केली. तेव्हा लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम तिच्या आजच्या वारसदारांवरही चालू शकतात. मेनफ्रेमवर एका खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुसऱ्यात जमा झाली नाही, तर अख्खा व्यवहारच मागे फिरवला जातो. अर्धवट काही उरत नाही. एखादा प्रोसेसर बिघडला, तर राखीव प्रोसेसर काम उचलतो. १९५९ साली आकाराला आलेली कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा इथे अजून नांदते आहे. तिचे जुने जाणकार मात्र निवृत्त होत आहेत. तरुण मित्रांनो, ती जरूर शिका!