भात वाचवा, प्लॉट राखा
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



सकाळी दाव्यांचं बोलणं झालं. आता भाताचं बोलू. कोणी म्हणेल, संघटनेत पिकाच्या रोगाचं काय काम? काम आहे. भात करपलं की दिवाळीआधीच कणगी रिकामी. मग वीटभट्टीची उचल, आणि पुढच्या पावसात प्लॉट पडीक. वनहक्क कायद्यात जमीन मिळते ती प्रत्यक्ष ताब्यातली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो हे तर दाखवायचंच, पण आजही कसतो हे दिसलं पाहिजे.

करपा ओळखायचा कसा? पानावर डोळ्यासारखा लांबट ठिपका पडतो. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. ठिपके एकमेकांत मिसळले की पान जळाल्यासारखं दिसतं. पुढे लोंबीची मान काळी पडते, लोंबी मोडते, दाणा पळंज राहतो. काही जण म्हणतात नजर लागली. नजर नाही, ही बुरशी आहे. रोगट बियाण्यातून, पेंढ्यातून, बांधावरच्या गवतातून ती येते, वाऱ्याने पसरते. ढगाळ हवा, रिमझिम आणि दव असलं की जोर धरते.

आपल्या हातातले उपाय असे:

१) रोग आलेल्या शेतातलं बी ठेवू नये.

२) पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावं. तरंगेल ते पळंज, काढून टाकावं. तळाचं बी दोनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवावं. मग किलोला ३ ग्रॅम थायरम चोळावं. हे बी खायला घेऊ नये, कोंबड्यांनाही टाकू नये.

३) युरिया एकदम टाकू नये. पान हिरवंगार दिसतं, पण कोवळ्या पानावर करपा लवकर चढतो. लावणीला, फुटव्याला आणि लोंबी धरताना, असा वाटून द्यावा.

४) बांध साफ ठेवावेत. रोगट पेंढा शेतात राहू देऊ नये.

५) फवारायची वेळ आली तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच औषध घ्यावं. दुकानदार देईल ते उधारीवर उचलू नये.

आता शेवटचं. आमच्या पाड्यावर करपा आला तेव्हा पंचनाम्याचा माणूस सातबाऱ्याचीच शेतं लिहून गेला. प्लॉटवाल्यांना म्हणाला, तुमचं नाव कागदावर नाही. कागद नाही, पण भात तर आमचंच मेलं ना? पुढच्या वेळी एकेकट्याने जायचं नाही. ग्रामसभेत ठराव करायचा, दाव्याची पावती जोडून लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ती पोच जपून ठेवा. आपण तिथे भात पिकवतो हे सांगणारा तो एक कागदच आहे. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत प्लॉटवरून हटवता येत नाही, हे कायद्याच्या कलम ४(५) मध्ये लिहिलेलं आहे. पाड्यापाड्यावर हे वाचून दाखवा.

जिंदाबाद!