सांदवाडीतलं गवत

पावसाळ्यात रामटेकच्या परिसरात घरामागच्या सांदवाडीतलं गवत गुडघ्याला लागतं. सरपणाच्या ढिगाखाली उंदीर-घुशी बिळं करतात आणि त्यांच्यावर जगणाऱ्या चिगर माइट या किड्याच्या अळ्या गवतात असतात. त्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप होऊ शकतो. 2018 मध्ये नागपूर जिल्ह्यात या तापानं माणसं दगावली.

गवत कापा, सरपण उंचावर रचा, खरकटं उघड्यावर टाकू नका. आधी गवत, मग उंदरांचं औषध. उंदीर मेले तरी अळ्या गवतात उरतातच. शेतातून आल्यावर साबणानं आंघोळ करा. ताप आलाच, तर काखेत, जांघेत चटक्यासारखी काळी खपली पाहा. ती दिसो न दिसो, गवतात वावरल्याचं डॉक्टरांना नक्की सांगा. डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू झालं तर हा ताप बरा होतो.