कोंबड्या खुराड्यात कशा आणाव्यात



मेहरूण म्हटले की लोकांना आधी बोरे आठवतात, मग तलाव. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र कोंबड्यांविषयी. मेहरूण आता जळगाव शहरात आले. रस्त्यावर गाड्या वाढल्या. पण कोंबडी काही शहराचे नियम शिकली नाही!

सकाळी खुराडे उघडले की कोंबड्या भुर्रकन बाहेर. दिवसभर त्या उकिरडा उकरतात, किडे-मुंग्या टिपतात, सांडलेले दाणे वेचतात. त्यांचे पोट बरेचसे असेच भरते. म्हणून तर गरिबाच्या घरी कोंबडी परवडते. अंडी विकून आलेला पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतो. त्यातून मीठ-मिरची निघते, पोराची वही निघते.

अडचण येते ती संध्याकाळी. दोन कोंबड्या आल्या. तिसरी शेजारणीच्या मेथीत. चौथी बोरीच्या झाडावर. मग काय होते? पोरे काठ्या घेऊन धावतात. कुत्रे मागे लागते. कोंबडी काट्यांच्या कुंपणात शिरते. शेजारीण वरून दोन शब्द ऐकवते ते वेगळेच.

धावून कोंबडी सहसा सापडत नाही. सापडली तरी दुसऱ्या दिवशी ती आपल्याला पाहूनच पळते. आणि आपल्या खानदेशचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते, तेव्हा तिच्या अंगातली उष्णता बाहेर पडते. अशा भर दुपारी तिला पळवली तर ती तिथेच पडून मरू शकते.

मग तिला आणायची कशी? पोटाच्या वाटेने आणायची.

सकाळी कोंबड्यांना थोडेच दाणे टाका. खरा घास संध्याकाळी ठेवा. पत्र्याच्या डब्यात मूठ-दोन मुठी दादर किंवा बाजरी घ्या. डबा खुळखुळवा आणि हाक मारा. 'ती ती ती' म्हणा, 'या या या' म्हणा, काहीही म्हणा. पण रोज तीच हाक, रोज तोच डबा, रोज तीच वेळ. दाणे अंगणात उधळू नका. खुराड्याच्या दारात चार दाणे टाका, बाकीचे आत टाका. आठ-दहा दिवसांत डब्याचा आवाज ऐकून कोंबड्या कुठूनही धावत येतील. एक पथ्य मात्र पाळा. हाक मारून जवळ बोलावले आणि लगेच कापायला धरले, असे करू नका. एकदा असे झाले की बाकीच्या त्या हाकेला बिचकतात.

वेळही नीट साधा. अंधार पडला की कोंबडीला फारसे दिसत नाही. म्हणून दिवस मावळण्याआधी ती आपणहून बसायची जागा शोधू लागते. त्याच्या थोडे आधी डबा वाजवा.

नवी कोंबडी बाजारातून आणली तर तिला लगेच मोकळी सोडू नका. तिचे घर अजून तिच्या मनाने जुनेच असते. आठवडाभर खुराड्यातच दाणापाणी द्या. मग पहिल्या दिवशी संध्याकाळी तासभरच सोडा. भूक लागली की ती परत येते.

काही कोंबड्या झाडावर झोपायला शिकतात. तिथे रानमांजराला त्या सापडतात. त्यांना दगड मारून उतरवू नका. पूर्ण अंधार पडू द्या. मग दोन्ही पंख अंगाशी धरून हलक्या हाताने उचला आणि खुराड्यात ठेवा. पाय धरून ओढू नका, डोळ्यांवर बॅटरी मारू नका. चार-पाच रात्री असे केले की सवय मोडते. पिल्लांची कोंबडी येत नसेल तर आधी पिल्ले डालग्याखाली घ्या. पिल्ले ओरडू लागली की आई मागोमाग येते.

आता एक गोष्ट नीट ऐका. रोज येणारी कोंबडी एकाएकी खुराड्यात शिरेना, तर दोष तिचा नसतो. खुराड्यात काहीतरी बिघडले आहे. रात्री दिवा घेऊन फटी पाहा. तिथे बारीक लाल किडे दिसतील. दिवसा ते फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. अशा जागी कोण झोपेल? खुराडे रिकामे करा, झाडा, फटी लिंपा, उन्हात तापू द्या. कधी आत साप शिरून गेलेला असतो. कधी विष्ठेचा थर साचून वास मारतो. कधी बसायला दांडीच नसते. कोंबडीला जमिनीवर झोपणे आवडत नाही. तिला पायात धरता येईल अशी आडवी दांडी द्या. जड जातीच्या कोंबड्यांना ती खालीच बांधा.

तुम्ही म्हणाल, एक रात्र कोंबडी बाहेर राहिली तर काय एवढे? एक रात्र रानमांजराला पुरते. पण आमच्या मनात दुसरी भीती आहे, रोगाची. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. हे नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. देशातली ती पहिलीच नोंद. पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ अशा गावांत तो रोग सापडला. तिथे तो मोठ्या केंद्रांत नव्हता, घरोघरच्या कोंबड्यांत होता. अशा वेळी साथीच्या भागातल्या सगळ्या कोंबड्या गोळा करून माराव्या लागतात. सरकारी भरपाई मिळते ती मारलेल्या कोंबड्यांची. जी कुंपणात लपली तिचे पैसे नाहीत, आणि तिच्यामुळे रोगही मागे राहू शकतो. हा रोग पाणपक्ष्यांकडूनही पसरतो. थंडीत तलावावर पाहुणे पक्षी उतरतात. त्या दिवसांत तरी कोंबड्या पाण्याकडे जाऊ देऊ नका.

राणीखेत हा रोग तर दर वर्षीची धास्ती. तो आला की डोळ्यांदेखत खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, आधी लस टोचून घेणे एवढेच हाती आहे. ही लस बर्फात ठेवून आणतात. एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. लस टोचणारा माणूस दारात उभा आणि कोंबड्या उकिरड्यावर, असे झाले की लस वाया जाते. म्हणून आदल्या संध्याकाळी डबा वाजवा, कोंबड्या मोजून आत घ्या आणि दाराला दगड लावा. सकाळी दार उघडू नका. आत पाणी ठेवा. तो माणूस आला की थोडेसे दार उघडून एकेक कोंबडी बाहेर द्या. टोचून झालेली लगेच सोडून द्या.