खिदमत करणाऱ्या हातांची काळजी कोण घेणार?



आपल्या मोहल्ल्यांतल्या अनेक मुली आज एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग करतात. घरात कौतुक होतं. पण पहिली नाइट ड्युटी लागली की कुजबुज सुरू होते, "मुलगी रात्री बाहेर?" लग्नाची बोलणी आली की नोकरी सोडायला सांगतात. तिच्या सुरक्षिततेची काळजी खरी आहे. त्यावर शोधलेला उपाय मात्र चुकीचा आहे.

या कामाने तिच्या शरीराचं काय होतं, हे आपण विचारतच नाही. रुग्णाला उचलून, कूस बदलून कंबर धरते. पाळ्या बदलत राहिल्या की झोप मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचा समावेश कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केला. म्हणून नोकरी सोडायची का? नाही. रुग्णालय रात्री बंद ठेवता येत नाही. पण सलग रात्रपाळ्या कमी करता येतात, नंतर पुरेशी विश्रांती देता येते, वॉर्डात माणसं वाढवता येतात.

फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात कार्यक्षमता मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिचे गुण ७ ते ४९. त्यातला एक साधा प्रश्न असा: तुमची आजवरची सर्वांत चांगली कार्यक्षमता १० धरली, तर आज किती गुण द्याल? घरातल्या किंवा शेजारच्या नर्सला हे विचारून पाहा. उत्तर ५ आलं, तर "तब्येत सांभाळ" एवढं म्हणून थांबू नका. काम कसं बदलायला हवं, तेही विचारा.

सुई टोचण्याचा धोका तर रोजचा. बाधित सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता हजारात सुमारे तीन. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीची शक्यता शंभरात ६ ते ३०. या लसीचे तीन डोस विद्यार्थिदशेतच पूर्ण करा. सुई टोचली तर जागा दाबू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच नोंद करा. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सिस्टर ओरडतील म्हणून गप्प बसणं महागात पडतं.

पगाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने, ५०पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २० हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. ती अमलात आणायला रेटा लागतो.

"ही तर खिदमत आहे, सवाब मिळेल," असं म्हणून आपण हे प्रश्न टाळतो. हजरत रुफैदा यांची आठवण काढतो. पण खंदकच्या लढाईतले जखमी ज्या तंबूत आणले गेले, तो तंबू मदिनेत मशिदीजवळच होता. त्यांच्या कामाला समाजाने जागा दिली होती. आपण काय देतो?

तेव्हा मुलीला घरी बसवण्याआधी तिच्या रुग्णालयाला विचारा: रात्री ने-आण करायला गाडी आहे का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. आणि भावांनो, रात्रपाळी करून आलेल्या बहिणीला झोपू द्या. सकाळचा चहा तुम्ही करा.