राबासाठी कवळ

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"लंडनबद्दल काहीतरी बोल," असा निरोप आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. लंडनमध्ये मी दिवसभर कोड लिहिते. त्याबद्दल बोलायला लागले तर तुम्ही जेवणाच्या पानांकडे बघाल, म्हणून एका रविवारबद्दल सांगते.

सेंट्रल लाइनच्या गाडीने लाउटनला उतरलं की थोडं चालल्यावर एपिंगचं जंगल लागतं. लंडनच्या ईशान्य कडेला सुमारे २४०० हेक्टर. गेल्या नोव्हेंबरात तिथल्या दिवसभराच्या पायी फेरीत मी नाव घातलं. आम्ही बाराजण आणि पुढे सत्तरीच्या वाटाड्या बाई. चिखल होता, पण आपल्या जुलैतल्या बांधाची सर त्याला नाही.

तासाभराने बाई एका झाडापाशी थांबल्या. बीच नावाचं झाड. डोक्याच्या वरपर्यंत एकच जाड, गाठाळ बुंधा आणि तिथून एकदम दहाबारा फांद्या. बाई म्हणाल्या, गावकरी जळणासाठी दर काही वर्षांनी या उंचीवर फांद्या तोडत. नवा फुटवा गुराहरणांच्या तोंडी लागू नये, म्हणून इतक्या वर. असं तोडलेलं झाड न तोडलेल्यापेक्षा जास्त जगतं. शेकडो वर्षांची झाडं तिथे आहेत ती त्यामुळेच.

मी तिथेच उभी राहिले. असा गाठाळ बुंधा मी लहानपणापासून पाहिला होता. आपल्या डोंगरातले ऐन आणि किंजळ!

आठवीतली वक्तृत्व स्पर्धा कुणाला आठवते? मला पहिला नंबर मिळाला होता. विषय वृक्षतोड. झाडावर कोयता चालवणारा हात खुन्याचा, असं मी हात उंचावून म्हटलं आणि टाळ्या पडल्या. शेवटच्या बाकावर माझे आजोबा बसले होते. येताना ढाल त्यांनीच हातात धरली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता घेऊन कवळ तोडायला गेले. भाताच्या राबाला कवळ लागतंच, भाजावळ काही माझ्या भाषणासाठी थांबणार नव्हती.

लाउटनच्या लोकांना हा हक्क ११ नोव्हेंबर ते २३ एप्रिल असे. ११ तारखेच्या मध्यरात्री पहिली फांदी तोडली तरच तो टिकतो, अशी समजूत होती. १८६०च्या दशकात जमीनमालकाने जंगलाला कुंपण घातलं. टॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्याने तोड चालूच ठेवली. १८६६ साली त्याच्या घरातल्या तिघांना कैद झाली. पुढे लंडन शहराच्या महापालिकेने कुंपणांविरुद्ध खटला लढवून १८७४ साली जिंकला आणि १८७८च्या कायद्याने जंगल कायमचं मोकळं राहिलं. त्याच कायद्याने तोडही बंद झाली. भरपाईच्या पैशातून गावाने सभागृह बांधलं, त्याचं नाव लॉपिंग हॉल. कवळ सभागृहच म्हणा!

तोड थांबल्यावर फांद्या जाड होत गेल्या, डोक्यावरच्या भाराने झाडं उभी फाटू लागली. आता तिथले लोक पुन्हा फांद्या उतरवतात, पण टप्प्याटप्प्याने. इतक्या वर्षांनी सगळं एकदम तोडलं तर बीच मरतो.

डबा खाताना मी बाईंना आजोबांबद्दल सांगितलं. भाषणाबद्दलही. त्यांनी एकच विचारलं, "ते झाडावर काय ठेवायचे?"

"शेंडा. शेंड्याला कधी हात लावायचे नाहीत."

"मग त्यांना सगळं ठाऊक होतं," असं म्हणून त्यांनी मला चहा ओतला.

आजोबा २००३ साली गेले. तोवर मी हे त्यांना म्हणाले नव्हते, आणि म्हणण्याइतकी अक्कलही मला नव्हती. पुढे आमच्या घरात खताची पिशवी आली, राब सुटला, कवळ सुटलं. ज्या झाडांचा उपयोग उरला नाही, ती भावकीने ठेकेदाराला दिली. यंत्राची करवत बुंध्याला लागली, दोन दिवसांत डोंगर मोकळा. त्या विक्रीच्या कागदावर माझीही सही आहे. लंडनहून कुरिअरने पाठवली होती.

विहिरीवरचे तीन ऐन राहिलेत. उद्या सकाळी मी तिकडे जाणार आहे. यायचं असेल त्यांनी सात वाजता शाळेच्या फाटकाशी या. चिखल नाही, पण लाल मुंग्या आहेत.