परसातली खोली आणि दोन उलटे प्रश्न



करसल्लागारांच्या परिषदेत अध्यक्ष परसातल्या लाकडी खोलीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगांत खसखस पिकली. पिकू द्या. कोविडनंतर स्लाउ-हॅरोच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत, विशेषतः स्वतःची लिमिटेड कंपनी काढून आयटीची कंत्राटं घेणाऱ्यांत, गार्डन ऑफिसचं वेड चांगलंच रुजलं आहे. आणि क्लायंट आपल्याकडे येतो तो बहुधा खोली उभी राहिल्यावर, बिल हातात घेऊन. "कंपनीच्या नावावर टाकलंय, म्हणजे टॅक्समधून सुटेल ना?"

ते बिल नीट वाचा. पाया, भिंती, छप्पर, दारं-खिडक्या. मोठी रक्कम इथेच जाते आणि तिची वजावट मिळत नाही. वास्तू म्हणजे यंत्रसामग्री नव्हे. इमारतींसाठी २०१८ साली सुरू झालेली आणि आता वर्षाला ३ टक्के असलेली सवलतही घरच्या आवारातल्या ऑफिसपर्यंत पोहोचत नाही. वायरिंग, हीटर, टेबल-खुर्ची यांची गोष्ट निराळी. यंत्रसामग्रीवर वर्षाला १० लाख पौंडांपर्यंत पूर्ण वजावट आहे, त्यात धंद्याच्या वापरापुरता हा खर्च मांडता येतो. पण बांधणाऱ्याने 'खोली, फिटिंगसह' असं एका ओळीत उरकलं असेल, तर कुठला आकडा उचलणार? म्हणून सही करण्याआधीच कोटेशन फोडून मागायला सांगा.

आता खरी गंमत. कंपनीच्या पैशाने बांधलेली खोली डायरेक्टर खासगी कामाला वापरतो का, हा महसूल खात्याचा, म्हणजे एचएमआरसीचा, पहिला प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर तो लाभ धरून त्यावर कर. म्हणजे क्लायंटने म्हणावं, छे, फक्त ऑफिस! पुढे घर विकताना तेच खातं विचारतं, ही जागा निव्वळ धंद्यासाठी होती का? इथे 'हो' म्हटलं की राहत्या घराला भांडवली नफ्यावर मिळणारी सूट तेवढ्या भागापुरती गेली. पहिल्या उत्तराने वाचवलेला माणूस दुसऱ्यात सापडतो.

यावर आपल्याकडे एक ठरलेला तोडगा सांगितला जातो: गणपती तिथेच बसवा, म्हणजे खासगी वापर झाला. बाप्पांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हा तोडगा टिकणार नाही. क्वचित होणारा, अगदी किरकोळ घरगुती वापर एचएमआरसी जमेस धरत नाही. वर्षातले दहा दिवस त्यात वाहून जातील. मुलांचा अभ्यास, कपाटभर घरचं सामान, संध्याकाळचा तबला असा बारमाही वापर हवा.

पण माझं मत विचाराल तर विक्रीच्या वेळच्या कराचा बाऊ फार होतो. समजा, घरावर २ लाख पौंड नफा झाला आणि खोलीच्या वाट्याला त्याचे ५ टक्के, म्हणजे १०,००० आले. घर नवराबायकोच्या नावावर निम्मं-निम्मं असेल तर प्रत्येकी ३,००० करमुक्त. उरलेल्या ४,००० वर २४ टक्क्यांनी ९६० पौंड. तेही घर विकलं तर, आणि एकदाच.

मला जास्त काळजी वाटते ती मालकीची. जमीन क्लायंटची, पैसा कंपनीचा. जमिनीत पक्की रोवलेली वास्तू कायद्याने जमीनमालकाकडे जाते. मग कंपनीने डायरेक्टरला आयती इमारत दिली, असं खातं म्हणू शकतं. दोघांत जागावापराचा लेखी करार नसेल तर आपण तिथे काय बोलणार? असे कागद मी फार थोड्या फायलींत पाहिले आहेत.

बिझनेस रेट्सवर वेळ घालवत नाही. इंग्लंडमध्ये धंद्याची एकच जागा आणि रेटेबल व्हॅल्यू १२,००० पौंडांपर्यंत असेल तर सवलतीने बिल शून्यावर येतं. फक्त अर्ज करावा लागतो, तेवढं सांगून ठेवा.

आपल्यापैकी बहुतेक जण वर्षाच्या सुरुवातीला क्लायंटला प्रश्नावली पाठवतात. तिच्यात यंदा एक ओळ वाढवा: घराच्या आवारात काही बांधायचा विचार आहे का? असल्यास कोटेशनवर सही करण्यापूर्वी फोन करा.