चालती कंपनी विकत घेताना



आपल्यातील काही तरुण कारखान्यांच्या देखभालीची व बांधकामाची चालती कंपनी विकत घेऊ पाहतात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु इंग्लंडातील कॅरिलियनची कथा त्यांनी ध्यानी घ्यावी. तिने २००६ साली मोलेम व २००८ साली आल्फ्रेड मॅकआल्पाईन ह्या कंपन्या घेतल्या. मालमत्तेहून अधिक मोजलेली किंमत ‘ख्याती’ म्हणून ताळेबंदात बसली, आणि निवृत्तिवेतन निधीतील तूटही पदरी आली. १५ जानेवारी २०१८ रोजी कंपनी बुडाली, तेव्हा रोकड उरली होती अवघी २.९ कोटी पौंड!

म्हणून यंत्रे पाहून भुलू नये. अडकलेली बिले, कापून ठेवलेली अनामत, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी आधी तपासावी. जुने फिटर-वेल्डर राहणार की जाणार, हे मात्र मालकाला नव्हे, त्यांनाच विचारावे.